‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ : वॉरगेमिंगचे काम शिकू पाहणाऱ्याच्या नजरेतून

संरक्षणशास्त्र शिकणारी मुले भेटली की एक प्रश्न हमखास निघतो. वॉरगेमिंग, म्हणजे लढाईचे प्रसंग खेळासारखे मांडून निर्णय तपासून पाहणे, हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊ शकतो का, आणि होत असेल तर त्याची तयारी घरच्या संगणकावर, बाजारात मिळणाऱ्या एखाद्या गेमच्या साहाय्याने करता येते का? प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर देताना ज्या एका गेमचे नाव टाळता येत नाही, तो म्हणजे ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’. गेली तीन वर्षे मी तो वापरत आहे. हे परीक्षण काम शिकू पाहणाऱ्याच्या गरजेपुरते लिहिले आहे. संध्याकाळी दोन घटका करमणूक हवी असलेल्यांनी आणि पडद्यावर आगीचे लोळ पाहायची हौस असलेल्यांनी हा गेम घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांची निराशा पहिल्या पाच मिनिटांतच होईल.

या गेमची पहिली आवृत्ती वॉरफेअरसिम्स या चमूने २०१३ मध्ये तयार केली आणि मॅट्रिक्स गेम्सने ती प्रकाशित केली; सध्या विकली जाणारी आवृत्ती नोव्हेंबर २०१९ ची आहे. पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसतो आणि त्यावर लष्करी नकाशावर असतात तशी चिन्हे सरकत असतात. विनाशिका म्हणजे एक चिन्ह, विमान म्हणजे दुसरे, आणि सुटलेले क्षेपणास्त्र म्हणजे त्याहूनही लहान एक खूण. खेळणाऱ्याची जागा जहाजाच्या किंवा मुख्यालयाच्या कार्यवाही कक्षात असते. कोणत्या तुकडीने कुठे गस्त घालावी, रडार चालू ठेवावे की बंद, कोणते अस्त्र किती अंतरावरून आणि किती संख्येने सोडावे, विमाने किती इंधन उरल्यावर परत फिरावीत, हे सगळे हुकूम आधी ठरवून द्यायचे आणि मग काळ पुढे सरकू द्यायचा. हा काळ घड्याळाच्या गतीने चालवता येतो किंवा कितीतरी पट वेगाने पळवता येतो, आणि शांत समुद्रावरील सहा तासांची गस्त पळवावीच लागते. पाण्याच्या तापमानाचे थर आणि त्यांच्यामुळे सोनार या पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रणेच्या ऐकण्यात पडणारा फरक, क्षितिजाखाली असल्यामुळे रडारला न दिसणारे जहाज, शत्रूच्या रडारची नुसती चाहूल देणारी उपकरणे, या गोष्टींचा हिशेब गेम पार्श्वभूमीला सतत करीत असतो. या हिशेबाला आधार आहे तो दोन प्रचंड माहितीसाठ्यांचा. एकात १९४६ पासून १९७० च्या दशकाअखेरपर्यंतची आणि दुसऱ्यात १९८० पासून आजपर्यंतची, किंबहुना थोडी उद्याचीही, जहाजे, विमाने, अस्त्रे आणि रडार आहेत, आणि ही सर्व माहिती उघड स्रोतांतून गोळा केलेली आहे.

उघड स्रोत हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण या गेमचे घराणेच त्यातून सुरू होते. लॅरी बाँड हे अमेरिकी नौदलातील अधिकारी होते. नौदलाने प्रशिक्षणासाठी दिलेला सागरी लढाईचा खेळ गोपनीय असल्यामुळे तो कपाटात कुलूपबंद ठेवावा लागे आणि कोणाशीही मोकळेपणाने खेळता येत नसे. म्हणून बाँड यांनी प्रसिद्ध माहितीवर आधारलेला स्वतःचा खेळ रचला. ‘हार्पून’ या नावाने तो १९८० मध्ये बाजारात आला आणि १९८९ मध्ये संगणकावर अवतरला. ‘कमांड’ हा त्याच वंशातला. ज्या लष्करी गोपनीयतेला कंटाळून हा वंश सुरू झाला, त्याच लष्करांनी पुढे ‘कमांड’ची व्यावसायिक आवृत्ती विकत घ्यावी, यात मला नेहमीच थोडी गंमत वाटत आली आहे. अमेरिकी हवाई दल आणि ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाची डीएसटीएल ही प्रयोगशाळा हे तिचे ग्राहक आहेत.

ही व्यावसायिक आवृत्ती आपल्याला दुकानातून मिळत नाही, पण ती कशी वेगळी आहे हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्या फरकातच नोकरीचे स्वरूप दडलेले आहे. तिच्यात वापरणाऱ्याला माहितीसाठा स्वतः बदलता येतो, म्हणजे गोपनीय आकडे भरता येतात. एकच प्रसंग माणूस समोर नसताना शेकडो वेळा चालवून निकालांचा पसारा तपासता येतो. प्रत्येक शोध, प्रत्येक मारा आणि प्रत्येक चूक यांची नोंद बाहेर काढून तिच्यावर संख्याशास्त्राची अवजारे चालवता येतात, आणि ती इतर संगणक प्रणालींशी जोडता येते. चित्रे मात्र तीच, समुद्र तोच. घरगुती आवृत्तीचा ग्राहक एक लढाई जिंकतो किंवा हरतो. व्यावसायिक विश्लेषकाला एका लढाईच्या निकालात रस नसतो, त्याला हवा असतो तो शंभर लढायांमधला फरक आणि त्या फरकाचे कारण.

एखाद्या गेमची पारख करायची असेल तर ज्याचा शेवट आपल्याला माहीत आहे असा प्रसंग त्यात मांडून पाहावा, असे माझे मत आहे. मी ४ डिसेंबर १९७१ ची रात्र निवडली. ज्या रात्रीमुळे आपण दर वर्षी नौदल दिन पाळतो, त्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका दोन पाणबुडीविरोधी नौकांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या होत्या. सोव्हिएत बनावटीच्या या लहान नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या, पल्ला तोकडा, आणि प्रत्येकीवर चारच क्षेपणास्त्रे. अशा नौका आक्रमणासाठी शत्रूच्या बंदरापर्यंत नेणे हीच त्या मोहिमेतली खरी कल्पना होती.

गेमसोबत येणारा संपादक, म्हणजे स्वतःचे प्रसंग रचण्याचे साधन, उघडून हा प्रसंग उभा करण्यात माझे तीन शनिवार गेले. लागणाऱ्या बहुतेक नौका जुन्या माहितीसाठ्यात सापडल्या, त्यामुळे वेळ नौका शोधण्यात गेला नाही. तो गेला प्रश्नांची उत्तरे ठरवण्यात. पाकिस्तानी विनाशिकेची सतर्कता किती धरायची? कराचीच्या किनाऱ्यावरील रडारला किती दिसत होते असे मानायचे? आपल्या नौकांनी स्वतःची रडार कधी सुरू करायची? गेम या प्रत्येक गोष्टीसाठी एक खिडकी उघडून उत्तर मागतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. हे तीन शनिवार म्हणजे मला या पैशांत मिळालेले सर्वांत मोठे शिक्षण होते, असे मी आज म्हणेन. खेळताना जे प्रश्न मनातही आले नसते, ते प्रसंग रचताना टाळता येत नाहीत.

मग मी प्रसंग चालवला, आणि नौका, अंतरे, वेग, क्षेपणास्त्रांचा पल्ला या बाबतीत गेमने मान खाली घालावी असे काही केले नाही. ‘निर्घात’ने मारा केला, विनाशिका ‘खैबर’ बुडाली. परंतु इतिहासातील त्या रात्रीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट गेममध्ये घडली नाही आणि घडू शकणारही नव्हती. पहिले क्षेपणास्त्र येताना ‘खैबर’वरील लोकांनी त्याचा प्रकाश पाहिला आणि ते विमान आहे असे समजून विमानविरोधी तोफा चालवल्या, आघातानंतर मुख्यालयाला पाठवलेल्या संदेशातही शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचेच कळवले गेले. मारा करणारी नौका कुठे आहे हे शोधण्याची वेळ त्या गैरसमजात निघून गेली आणि दुसरे क्षेपणास्त्र आले. गेममध्ये मात्र येणारे क्षेपणास्त्र रडारवर सापडताच त्याच्यापुढे ‘व्हॅम्पायर’ अशी पाटी लागते. म्हणजे, ज्या शक्यतेची १९७१ च्या त्या कप्तानाला कल्पनाही आली नाही, ती शक्यता गेममधल्या कप्तानाला संगणक आयती हातात देतो.

यावर उपाय शोधण्याचा मी प्रयत्न केला. नौसैनिकांचे कौशल्य नवशिक्यापासून निष्णातापर्यंत पाच पातळ्यांवर ठरवता येते, आणि पातळी खाली आणली की प्रतिसादाला उशीर होतो. पण उशीर आणि गैरसमज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेवटी लुआ या भाषेत एक छोटी आज्ञावली लिहून मी ‘खैबर’ला पहिली काही मिनिटे समुद्रावरील लक्ष्यांवर मारा करण्यास मनाई केली आणि निकाल इतिहासाच्या जवळ आला. त्या यशाचा आनंद फार टिकला नाही, कारण ती चूक खेळातून निघाली नव्हती, मी ती खेळात घातली होती. मला आधीच माहीत असलेली गोष्ट गेमने मला परत सांगितली, इतकेच.

वॉरगेमिंगचे काम करणाऱ्याला हा फरक पहिल्या दिवसापासून कळला पाहिजे. ‘कमांड’ हे उत्कृष्ट गणनयंत्र आहे; अमुक रडारला तमुक उंचीवरचे विमान किती अंतरावर दिसेल हे विचारा, उत्तर मिळेल. समोरच्या माणसाला काय वाटेल, तो कशावर विश्वास ठेवणार नाही, आपल्या वरिष्ठाला वाईट बातमी सांगायला तो किती वेळ लावेल, हे विचाराल तर यंत्र गप्प बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक आकडा देईल. त्या प्रश्नांसाठी माणसे समोरासमोर बसवावी लागतात.

प्रशियात फोन राइसविट्झ पितापुत्रांनी हेच केले होते. पित्याने १८१२ मध्ये आणि पुत्राने १८२४ मध्ये सुधारून मांडलेल्या खेळात दोन बाजू एकमेकींना न पाहता पंचाकडे हुकूम देत आणि पंच प्रत्येकीला तिला दिसेल तेवढेच सांगे. १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांवर उतारा शोधण्यासाठी उभारलेल्या पथकातही जमिनीवर आखलेला समुद्र, खडूच्या रेषा आणि पडद्याआडून नकाशाचा हवा तेवढाच भाग पाहणारे अधिकारी होते. त्या पथकाचा बराचसा भार नौदलाच्या महिला शाखेतील तरुण मुलींनी वाहिला, ज्यांना समुद्रावरील लढाईचा कसलाही अनुभव नव्हता. ताफ्यांच्या संरक्षणासाठी तिथे तयार झालेला ‘रास्पबेरी’ हा डावपेच त्यांच्याच हातून घडत गेला. वॉरगेमिंगमध्ये शिरण्यासाठी खांद्यावर फीत हवीच असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

‘कमांड’चा असा उपयोग करता येतो का? येतो, पण गेमच्या मदतीने कमी आणि त्याला वळसा घालून जास्त. घरगुती आवृत्तीत दोन माणसांनी एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय नाही, आणि या कामासाठी ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. आम्ही मित्रांनी त्यावर तोड काढली ती अशी : दोन गट दोन खोल्यांत, मधल्या खोलीत लॅपटॉप घेऊन पंच. गट कागदावर हुकूम लिहून देतात, पंच संपादकातून आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या भूमिकेत शिरून ते हुकूम भरतो, अर्धा तास खेळ पुढे नेतो आणि प्रत्येक गटाला त्याच्यापुरती बातमी तोंडी सांगतो. ‘व्हॅम्पायर’ची पाटी फक्त पंचाला दिसते, गटाला तो म्हणतो, ‘पश्चिमेकडून एक प्रकाश वेगाने येत आहे.’ पहिल्याच दिवशी समोरच्या गटाने ते विमान ठरवले. मला माझी ‘खैबर’ सापडली ती या वाक्यात, आज्ञावलीत नव्हे. चहाच्या दोन फेऱ्यांनंतर पंचाची भूमिका घ्यायला कोणी तयार नसते ही त्या व्यवस्थेची अडचण, आणि गंमत अशी की पगारी वॉरगेमिंगमध्ये नेमके पंचाचेच काम सर्वांत मोलाचे मानले जाते.

व्यवसायाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अमेरिकेत न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात १८८७ पासून वॉरगेम खेळले जात आहेत आणि रँड, सीएनए यांसारख्या संशोधन संस्थांत हे काम करणारे पूर्णवेळ विश्लेषक असतात. २०१५ मध्ये तेथील उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांनी वॉरगेमिंगला नव्याने चालना देण्याचा आदेश काढल्यानंतर या कामाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. या क्षेत्रात बाजारातील खेळ आणि सरकारी काम यांच्यामध्ये भिंत कधीच पक्की नव्हती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, त्या दिवशी पेंटागॉनने मार्क हर्मन यांना बोलावून घेतले. त्यांनी रचलेला आखातातील संभाव्य युद्धावरील ‘गल्फ स्ट्राइक’ हा पुठ्ठ्याचा खेळ १९८३ पासून दुकानांत मिळत होता आणि प्रत्युत्तराचे पर्याय तपासायला तो तिथे टेबलावर मांडला गेला. २०२३ च्या आरंभी सीएसआयएस या वॉशिंग्टनमधील संस्थेने तैवानवरील आक्रमणाचा जो बहुचर्चित वॉरगेम प्रसिद्ध केला, तो २४ वेळा खेळला गेला होता आणि त्यातही नकाशे, सोंगट्या व फासे होते. मोठ्या संगणकाशिवाय हे काम होत नाही ही समजूत त्यामुळे सोडून दिलेली बरी.

तरीही परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. अमेरिकेत या कामाच्या बहुतेक जागांसाठी नागरिकत्व आणि सुरक्षा परवाना लागतो, ब्रिटनच्या प्रयोगशाळेतही परक्या पारपत्रावर प्रवेश अवघडच. विद्यार्थी व्हिसावर राहून या विषयात पदवी मिळेल, लेख प्रसिद्ध होतील, लंडनच्या किंग्ज कॉलेजसारख्या ठिकाणी चांगली माणसेही भेटतील. नोकरीच्या दाराशी मात्र कागद तपासले जातील.

भारतात हे काम मुख्यत्वे गणवेशातील अधिकाऱ्यांकडे आहे. गोव्यात मांडवीच्या मुखाशी असलेल्या नेव्हल वॉर कॉलेजात येणारे अधिकारी वॉरगेम खेळतात ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. बिगरलष्करी माणसासाठी सरळ वाट आहे ती डीआरडीओची : दिल्लीतील ‘इसा’ ही तिची प्रयोगशाळा तिन्ही दलांसाठी वॉरगेमची संगणकप्रणाली तयार करते, आणि तिथे अभियांत्रिकी, गणित किंवा संगणकशास्त्राच्या पदवीवर प्रवेश मिळतो, संरक्षणशास्त्राच्या पदवीवर क्वचितच. मे २०२२ मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण मुख्यालयाने गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी वॉरगेम संशोधन केंद्रासाठी करार केला, त्यामुळे दार थोडे किलकिले झाले आहे. कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने म्हणून आज्ञावली लेखन आणि प्राथमिक संख्याशास्त्र शिकून घ्यावे, आणि इथे ‘कमांड’चा लुआ विभाग खरोखर उपयोगी पडतो, कारण कोरड्या पाठ्यपुस्तकापेक्षा पाणबुडीला हुकूम देता देता शिकलेली भाषा लवकर बसते.

आता उत्पादन म्हणून दोष. पहिला दोष खिडक्यांचा. प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी चौकट उघडते आणि पंधरा मिनिटांत पडदा सरकारी कार्यालयाच्या टेबलासारखा दिसू लागतो. शेकडो पानांची पुस्तिका सोबत मिळते, परंतु ती वाचून कोणी हा गेम शिकला असेल असे मला वाटत नाही. सोबत येणारे शिकवणीचे प्रसंग क्रमाने पूर्ण करणे हाच मार्ग आहे आणि त्याला महिनाभर तरी द्यावा. जमिनीवरील लढाई हे या गेमचे दुबळे अंग आहे. वैराण वाटेवरून सरकणारा रणगाड्यांचा ताफा हे त्याला हवेतून मारायचे लक्ष्य वाटते, लढणारी तुकडी वाटत नाही. भूदलाचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरीकडे पाहावे. घरगुती आवृत्तीत माहितीसाठा बदलता येत नसल्यामुळे एखाद्या भारतीय नौकेवरचे उपकरण चुकीचे दिसले तर निर्मात्यांना कळवून पुढील सुधारणेची वाट पाहावी लागते. गेम फक्त विंडोजवर चालतो, आणि शंभराहून अधिक विमाने एकदम हवेत असली की माझा जुना लॅपटॉप पंख्यासारखा घोंघावतो.

किंमत ८० डॉलरच्या आसपास, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशाला जड. सवलतीच्या काळात ती बरीच उतरते, तेव्हा घ्यावा. वेगळ्या विकल्या जाणाऱ्या प्रसंगमालिका सुरुवातीला मुळीच घेऊ नयेत, ‘काश्मीर फायर’ या नावाचा कितीही मोह झाला तरी. इतर खेळाडूंनी रचलेले शेकडो प्रसंग विनामूल्य मिळतात आणि त्यांतील बरेचसे विकत मिळणाऱ्यांच्या तोडीचे आहेत. शिवाय खेळण्यासाठी प्रसंग विकत घेण्याची सवय लागली की संपादक उघडायचा राहून जातो, आणि माझ्या मते संपादक हाच या गेमचा विकत घेण्याजोगा भाग आहे.

माझा पुढचा प्रसंग तयार होतो आहे तो त्याच युद्धातील ९ डिसेंबरच्या रात्रीचा. दीवच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. पाण्याचे थर आणि सोनार यांचा हिशेब हे या गेमचे बलस्थान असल्यामुळे इथे तो ‘खैबर’पेक्षा चांगला उतरेल असा माझा अंदाज आहे. पंच होण्यास तयार असलेला माणूस मात्र अजून मिळालेला नाही.